एलोझ : एका फ्रेंच नामाविषयी



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी एक भारदस्त फ्रेंच नाम निवडले आहे : ‘एलोझ’. कोशकार त्याचा अर्थ ‘स्तुती’ असा देऊन मोकळे होतात. परंतु नुसत्या स्तुतीसाठी फ्रेंचांपाशी ‘लुआंझ’ हा वेगळा शब्द आहे. देवाची गायिली जाते ती लुआंझ. एलोझमध्ये गुणांचे सकारण विवेचन अपेक्षित असते. तो मृताचाच असावा असेही नाही. तसा करावयाचा तर ‘फ्युनेब्र’ हे विशेषण जोडतात.

मूळ शब्द लॅटिन ‘एलोगिउम’. थडग्यावरील छोटा लेख हा त्याचा एक अर्थ. मृत्युपत्रातील कलम आणि आरोपीच्या अपराधाची नोंद हेही त्याचेच अर्थ. म्हणजे शब्द मुळात तटस्थ! ‘चांगले बोलणे’ या अर्थाच्या ग्रीक ‘एउलोगिआ’च्या संसर्गाने तो स्तुतीकडे कलला. आपली ‘प्रशस्ती’ही दगडावर कोरलेलीच, मात्र हरिषेणाने रचलेली समुद्रगुप्ताची प्रशस्ती प्रथमपासून राजाच्याच बाजूने बोलते.

१६३५ साली स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीत नवा सभासद आपल्या पूर्वसूरीचा एलोझ करतो. मार्गरित युर्सनार या तेथील पहिल्या स्त्री-सभासद. १९८१ साली त्यांनी रोझे कायवा यांचा केला. पण मला अधिक मोलाचे वाटते ते विज्ञान अकादमीचे चिटणीस फोंतनेल यांचे उदाहरण. १७२७ साली न्यूटन निवर्तले. ते त्या अकादमीचे परदेशी सभासद. चरित्राची माहिती न्यूटनच्या भाचीचे पती जॉन काँड्युइट यांनी पुरविली. फोंतनेल पडले देकार्तचे अनुयायी. आकर्षणाचा सिद्धान्त त्यांना पटलेला नव्हता. तरी त्यांनी न्यूटनचे मोठेपण निःसंकोच मांडले, आणि शेजारी देकार्तलाही बसविले. इंग्लंडात हे रुचले नाही. माझ्या मते तोच खरा एलोझ.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो ते कै. मुख्याध्यापक माझे स्नेही. मराठीत परका शब्द त्यांना खपत नसे. ‘टेबल’ला ते ‘मेज’ म्हणत, आणि ‘मेज’ फारसी आहे असे मी म्हटले की रागावत. त्यांचे ते मत मला आजही मान्य नाही. मात्र याच गृहस्थांनी कन्नड घरांतून आलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर स्वतःच्या ओसरीवर बसवून, एक पैही न घेता, वर्षानुवर्षे मराठी शुद्धलेखन शिकविले. त्यांतील काही मुले आज, पिकल्या केसांनी, या सभागृहात बसली आहेत.