उजवं चार, आवळतं

बोलतोय सोलापुरातून, नव्या पेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवरून. खाली बाजार चालू आहे, त्यामुळे मध्येच हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या. पोटापाण्यासाठी मी कोड लिहितो, पण सुट्टीच्या दिवशी मित्राच्या गाडीत डाव्या सीटवर बसून वही वाचतो. आजचा भाग त्या वहीचा.

आपल्याकडे हौशी लोक बहुतेक टीएसडी रॅलीपासून सुरुवात करतात. टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. तिथे वेग आयोजक ठरवून देतात, रोडबुकही तेच देतात. उशिरा पोचलात तरी गुण कापतात, लवकर पोचलात तरी कापतात. स्पेशल स्टेजचं तसं नसतं. रस्ता बंद केलेला असतो, घड्याळ चालू असतं आणि पुढचं वळण ड्रायव्हरला दिसत नसतं. ते त्याला ऐकावं लागतं. ते ज्यात लिहिलेलं असतं, त्या पेस नोट्स.

पद्धत साधी आहे. स्टेजच्या आधी रेकी असते. गाडी हळू चालवत ड्रायव्हर रस्ता सांगतो, शेजारचा लिहितो. आमच्याकडे वळणांना एक ते सहा आकडे आहेत. एक म्हणजे जवळपास यू-टर्न, सहा म्हणजे पाय न काढता जाणारं. काही जोड्या हेच उलटं मोजतात. त्यात चूक काहीच नाही, फक्त दोघांचं मोजमाप एकच हवं. मग दोन वळणांमधलं अंतर मीटरमध्ये. शिवाय ‘चढ’, ‘कापू नको’, ‘उघडतं’, ‘आवळतं’. आवळतं म्हणजे वळण आत शिरल्यावर आणखी घट्ट होतं. सगळ्यात घातकी शब्द हाच.

आम्ही नोट्स मराठीत घेतो. सराव तुळजापूरच्या घाटात केला. रस्ता चालू असतो, त्यामुळे वेग एसटीच्या मागे राहण्याइतकाच. तिथे पहिल्याच दिवशी कळलं की ‘तीन’ आणि ‘तीस’ हेल्मेटमध्ये सारखेच ऐकू येतात. ‘वीस’ आणि ‘तीस’चंही तेच. म्हणून नियम केला: आकडा कायम दिशेला चिकटून येणार, ‘डावं तीन’. अंतर थोडं थांबून येणार. तीस मीटर किंवा त्याहून कमी असेल तर अंतर सांगायचंच नाही, नुसतं ‘लगेच’ म्हणायचं.

या कल्पनेची एक गाजलेली गोष्ट १९५५ च्या मिल्ले मिलियाची आहे. इटलीतली सुमारे १,६०० किलोमीटरची शर्यत. स्टर्लिंग मॉस चालवत होता, शेजारी पत्रकार डेनिस जेन्किन्सन. जेन्किन्सनने रस्त्याच्या खुणा कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर लिहून ती एका डबीत बसवली होती. आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून तो हाताच्या खुणा करायचा. दोघांनी १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत शर्यत जिंकली. न दिसणाऱ्या चढावर मॉस पाय काढत नव्हता, कारण शेजारच्याच्या हातावर त्याचा विश्वास होता.

आता माझी गोष्ट. आमच्या पहिल्या मातीच्या स्टेजमध्ये मी वाचलं, “उजवं चार.” मित्र चारच्या वेगाने आत गेला. वळण आवळलं. गाडी सरळ डावीकडे ज्वारीच्या रानात. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही, पण रेडिएटर गेला, बंपर गेला. गाडी त्याची होती, हप्ते अजून चालू होते.

रानात उभं राहून तो म्हणाला, “माझंच चुकलं बे. रेकीत ‘आवळतं’ सांगायचं राहिलं.”

मी काहीच बोललो नाही.

रात्री वही उघडली. पानाच्या शेवटच्या ओळीत ‘उ ४’ आणि त्यापुढे अर्धवट ‘आ’. त्याने सांगितलं होतं. मी लिहायला घेतलं आणि तेवढ्यात पान उलटलं. दुसऱ्या फेरीत मी वाचायचं आणि त्याने तपासायचं असतं. ती फेरी आम्ही गप्पा मारत उरकली होती.

चार दिवस मी गप्प होतो. तो मात्र ज्याला-त्याला स्वतःची चूक सांगत होता. पाचव्या दिवशी नव्या पेठेत चहाच्या टपरीवर वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने तो ‘आ’ बराच वेळ पाहिला. म्हणाला, “चुकलास त्याचं काही नाही. पण चार दिवस?” चहा न संपवता निघून गेला.

पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला. “रविवारी घाटात. पेन्सिल दोन आण.”

आता आमच्या वहीत प्रत्येक पानाची शेवटची ओळ पुढच्या पानावर पहिली म्हणून पुन्हा लिहिलेली असते. दुसऱ्या फेरीत गप्पा बंद, गाणी बंद. आणि स्टेज संपली की मी आधी सांगतो, कुठे उशिरा वाचलं, कुठे ओळ हरवली. त्याने विचारायच्या आधी. कारण वळणावर त्याला रस्ता दिसत नाही, माझा आवाज तेवढा ऐकू येतो. तो आवाज गाडीबाहेर खोटा ठरला, तर आतही कामाचा राहत नाही.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर एक वही आणि दोन पेन्सिली घ्या आणि ओळखीच्या रस्त्यावर हळू गाडीत नुसतं लिहून बघा. वेग बंद रस्त्यावरच, हेल्मेट घालूनच. भेटू पुढच्या भागात.