मनाच्या भिंतीही तपासून पाहू या
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिन म्हटला की आपण काय मिळवलं याचा हिशेब मांडतो. आज जरा उलटा हिशेब मांडू. आपण सोडलं काय, आणि सोडायचं उरलं काय?

सोडण्यापासूनच आपली चळवळ सुरू झाली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळे तुकडे टाकून द्यायला सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी आपल्या आयाबहिणींना लुगडं नेसण्याची जुनी पद्धत बदलायला सांगितली. पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी त्या! तरी पोटाला चिमटा घेऊन लोकांनी त्या टाकल्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी कितीतरी 'मी करणार नाही' अशाच आहेत.

पण प्रतिज्ञा घेतली की सवय सुटली, असं होत नाही. हाताला आणि मनाला नवं वळण लावावं लागतं. याचा दाखला आपल्याच औसा तालुक्यात आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोण विसरेल? किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसं गेली. घरं दगड-मातीची, माळवदाची. भिंत जाड तेवढी पक्की, हे आपण आजा-पणजापासून ऐकत आलेलो. दोन्ही अंगांना मोठे दगड, मधी चिपा आणि माती, वर माळवदावर मातीचे थरावर थर. हादरा बसला तशी भिंतीची दोन्ही अंगं एकमेकांपासून सुटली आणि सगळं ओझं झोपलेल्या लेकराबाळांवर आलं. आपले वाडवडील अडाणी नव्हते. जाड भिंतीनं ऊन अडायचं. पण भूकंपात ती भिंत टिकेल का, हे कुणी तपासलं नव्हतं.

पुढं गवंड्यांना आपलंच काम नव्यानं शिकावं लागलं. भिंतीत आरपार जाणारा दगड, दार-खिडकीच्या वर सिमेंट-काँक्रीटचा सलग पट्टा, माळवदावरची माती कमी करणं. ज्यानं जुनी सवय सोडली, त्याच्या हाताला नवं कसब आलं. आणखी एक गोष्ट झाली. बांधकामातलं बाईला काय कळतं, असं म्हणणाऱ्या गावांत महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. घरं मजबूत कशी करायची हे त्या घरोघरी समजावू लागल्या. भिंतीबरोबर एक पूर्वग्रहही पडला!

आता आपल्या मनाच्या भिंती बघू. लग्न बौद्ध पद्धतीनं लावायचं, पण तारीख मात्र गुपचूप पंचांग बघून धरायची. सोयरीक जुळवताना पोटजात विचारायची. मातंग किंवा भटक्या समाजाचं कुणी शेजारी आलं तर नाक मुरडायचं. मग ज्यांनी आपल्याला दूर ठेवलं, त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

नोकरी-धंद्यातही तेच. 'वीस वर्षं असंच करत आलो' म्हणून कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. 'धंदा आपल्या रक्तात नाही' म्हणायचं. अहो, रक्तात काही नसतं, हेच तर बाबासाहेबांनी शिकवलं! पोरीला गणित जमणार नाही, हे तिनं पुस्तक उघडायच्या आधीच आपण ठरवून टाकायचं. साहेबांपुढं विनाकारण वाकायचं आणि हाताखालच्यावर मात्र डाफरायचं. या सवयी आपली वाट अडवतात.

मग सोडायचं कसं? तथागतांनी कालाम लोकांना सांगितलेली कसोटी साधी आहे. परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका. स्वतः पारखा, ज्यानं अहित होतं ते टाका, ज्यानं हित होतं ते धरा. म्हणून आमची विनंती एवढीच. प्रत्येक घरानं एकच सवय निवडावी. जेवताना सगळ्यांनी मिळून निवडावी, त्यात पोरींचंही मत घ्यावं. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत ती टाकून दाखवावी. पुन्हा तोंडातून जुना शब्द गेला तर एकमेकांना हसून आठवण द्यावी, हिणवू नये.

धम्मदीक्षेच्या वेळी आपला नवा जन्म होतोय, अशी प्रतिज्ञा आपल्या माणसांनी घेतली. नव्यानं जन्मलेल्यानं शिकायची लाज कशाला बाळगायची?