निजामशाहीचा समुद्रकिनारा

नगर जिल्ह्यांतील कोणत्याही गांवाहून समुद्र दिसत नाहीं. मध्यें सह्याद्रि उभा आहे आणि त्यापलीकडे सारें कोंकण. तरी एके काळीं नगरच्या सुलतानांस स्वतःचें बंदर होतें. श्रोत्यांपैकीं कोणास तें वाळू तुडवीत पाहावयाचें असेल, तर त्यानें अलिबागेच्या दक्षिणेस आक्षी गांवीं उतरावें. तेथें शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख आहे. मराठींतील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते.

आक्षीपासून नागांवपर्यंत पुळण अखंड पसरली आहे. ओहोटीस वाळू घट्ट होते व चालणें सुखाचें वाटतें. भरतीच्या रेषेवर मर्यादावेल दिसते. पानें मधोमध दुभंगलेलीं, फुलें जांभळट. पेऱ्यापेऱ्याला मुळें धरीत ती पसरते, वाऱ्यानें आणलेली वाळू तिच्या जाळ्यांत अडकते, आणि हळूहळू तिचा बांध होतो. समुद्रानें येथवरच यावें असें सांगणारी वेल, म्हणून तें नांव! या बांधामागें सुरूचें बन व त्यामागें नारळी-पोफळीच्या वाड्या. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळांत या भागांतील असंख्य झाडें आडवीं झालीं. पोफळ पुन्हा लावतां येते. पण उत्पन्न हातीं येण्यास वर्षें लागतात, आणि तोंवर वाडीवाल्यानें काय खावें, हा प्रश्न उरतोच.

पुढें चौल. १४६९ च्या सुमारास निकितिन नांवाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन येथेंच उतरला आणि घाट चढून जुन्नरास गेला. घाटमाथ्यावरील सत्तेस या बंदराचें मोल काय होतें, तें यावरून कळावें. १५०८ साली येथल्या खाडीच्या मुखाशीं इजिप्त व गुजरात यांच्या आरमारांनीं पोर्तुगीजांचा पराभव केला, व व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा पडला. असें असतांही १५२१ साली बुऱ्हाण निजामशहानें त्याच पोर्तुगीजांस रेवदंड्यास कोट बांधण्याची परवानगी दिली. तिचें मोल त्याच्या नातवास मोजावें लागलें. १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहा मोठें सैन्य घेऊन या कोटावर चालून आला. कित्येक महिने वेढा चालला. पण समुद्राची वाट पोर्तुगीजांच्या हातीं असल्यानें आंतल्यांस कुमक पोहोंचत राहिली. १५७१ साली तह करून शहास परतावें लागलें. घोडदळाच्या बळावर राज्य मिळवितां येतें, पण बंदर राखण्यास गलबतें लागतात!

१७४० साली रेवदंडा मराठ्यांकडे आला. आज कोटांत नारळीच्या बागा आहेत व त्यांतून जुन्या ख्रिस्तमंदिराचा उंच मनोरा डोकावतो. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गांवांतील कांहीं ख्रिस्ती कुटुंबें अद्याप पोर्तुगीजेपासून झालेली बोली बोलतात. त्यांच्या घरांत मराठीही चालते.

तटाच्या कडेनें फिरावयाचें तर ओहोटीची वेळ गांवांत विचारून घ्यावी.