आजारपणाची पेटी
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)





दिंडीत भिशी भरली की थोर-गरीब एकाच पंगतीला जेवतात. शिवारात भांगलणीला आपण पैरा करतो. मग दवाखान्याच्या खर्चाला पैरा का नको? अमेरिकेत काही ख्रिस्ती मंडळी दरमहा पैसे काढून एकमेकांची बिलं वाटून घेतात. पण तो विमा नव्हे. पैसे मिळतीलच अशी कायद्याची हमी तिथंही नसते.

आमची एक चूक सांगतो. एका टाळकऱ्याला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा आम्ही झोळी फिरवली, पैसे जमले. पुढच्या साली एका विधवा माउलीवर तीच वेळ आली. ती कुणाला बोलली नाही. कानातलं मोडून बिल भागवलं. आम्हाला कळलं ते वारीत, तिचे मोकळे कान बघून. मागेल त्यालाच मिळायचं, तर न मागणाऱ्यानं काय करायचं?

म्हणून आजारपणाची पेटी हवी. पण हिशेब बघा. २०० घरांनी महिना ५० रुपये काढले, तर वर्षाला १ लाख २० हजार होतात. हृदयाच्या एका ऑपरेशनला पेटी रिकामी! तेव्हा मोठा खर्च पेटीवर टाकायचा नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या आजारांना, ठरलेल्या दवाखान्यांत, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. तिथं आरोग्यमित्र असतो, त्याला गाठायचं. वारीसाठी २०२३ साली शासनानं विठ्ठल रुक्मिणी वारकरी विमा छत्र योजना जाहीर केली, तीही माहीत असू द्या.

पेटी कशाला? गाडीभाडं, औषधं, रुग्णाजवळ बसणाऱ्याचं जेवण, बुडालेली मजुरी. आणि रेशनकार्ड, आधारकार्डाचे कागद नीट करून द्यायला दोन शिकलेली पोरं. हिशेब दर एकादशीला भजनानंतर वाचायचा. घेणाऱ्याचं नाव मात्र वाचायचं नाही. तिघांनी मिळून घरोघरी चौकशी करायची, कुणाला मागायला लावायचं नाही. ज्याला हप्ता झेपत नाही, त्यालाही पेटी उघडी.

शंभर वर्षं आपण वाटेत पडलेल्याला उचलून पुढं चाललो. घरी पडलेलाही आपल्याच दिंडीतला आहे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!