फोडू नका, अखंड द्या

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय काय खाली येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. बंद पडलेला मिक्सर, टेपरेकॉर्डर, वायरींचा गुंता, बटणांचा मोबाइल. मग हाक जाते भंगारवाल्याला. त्यात गैर काही नाही. आपल्या टाकाऊ वस्तूचे पैसे देणारा माणूस तोच. घात होतो तो पुढे, वस्तू फोडली जाते तेव्हा.

वायरमधलं तांबं मोकळं करायचा सोपा मार्ग म्हणजे वायर पेटवणं. वरचं आवरण पीव्हीसीचं असलं, तर त्या काळ्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषं बाहेर पडतात. उत्तर प्रदेशात मुरादाबादला सर्किट बोर्ड जाळून, आम्लात बुडवून त्यातले धातू काढण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालला आणि त्याची राख रामगंगेच्या काठावर साचत गेली. फ्रिजची नळी कापली की आतला वायू हवेत जातो. अनेक फ्रिजमध्ये असलेला आर-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

म्हणून आज माझं मागणं एकच आहे. घरात काही फोडू नका आणि जे द्याल ते अखंड द्या.

गावाकडे वाढलेल्यांना आठवेल, टॉर्चचा संपलेला सेल दगडाने ठेचून आतली काळी कांडी काढायची आणि तिने भिंतीवर रेघोट्या ओढायच्या. त्या कांडीभोवतीची काळी भुकटी मँगनीज डायऑक्साइडची. ती हाताला लागते, श्वासातून आत जाते. मुलांना हा खेळ खेळू देऊ नका आणि संपलेले सेल चुलीत टाकू नका, ते फुटतात.

सेल जमवायला प्लास्टिकची कोरडी बरणी घ्या, पत्र्याचा डबा नको. चौकोनी नऊ व्होल्टच्या सेलची दोन्ही टोकं शेजारी-शेजारी असतात. किल्ल्यांचा जुडगा किंवा भांडी घासायची तारेची घासणी त्यांना टेकली तरी ती तापते, ठिणगी पडते. त्या टोकांवर आणि बटणासारख्या चपट्या सेलवर आधी चिकटपट्टी लावा. हे चपटे सेल लहान मुलांच्या हाती कधीच लागू देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजून काढतो, आणि रिमोट चालत नाही म्हणून काढून ठेवलेल्या सेलमध्येही त्यासाठी पुरेसा जोर उरलेला असतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक दवाखाना गाठा.

मोबाइलची बॅटरी फुगली असेल तर टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घालून तीत ती ठेवा आणि कुंडी घराबाहेर आडोशाला ठेवा. अशी बॅटरी कचऱ्यात गेली आणि गाडीत दाबली गेली, तर पेट घेते. त्या गाडीवर माणसं काम करत असतात. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई घरोघरचा कचरा हाताने वेगळा करतात. फुटलेली सीएफएल आपण सुक्या कचऱ्यात लोटली, तर तिच्यातला पारा त्यांच्या हाताशी जातो.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. २००१ सालचे बॅटऱ्यांचे नियम फक्त शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरते होते. ऑगस्ट २०२२ पासून पेन्सिल सेलपर्यंत सगळ्या बॅटऱ्या नियमांत आल्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. विकलेला माल आयुष्य संपल्यावर नोंदणीकृत पुनर्वापरदारांमार्फत मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तेव्हा नवा फोन, नवा फ्रिज घेताना दुकानात विचारा, जुना कुठे जाणार? इन्व्हर्टरच्या बॅटरीचं हे गणित आपल्या अंगवळणी पडलंच आहे. जुनी दिली की नवीवर पैसे कमी होतात.

पुनर्वापरदारांच्या याद्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आहेत. एकट्याच्या दोन चार्जरसाठी कुणी दारात येणार नाही, हे खरं. म्हणून सोसायटीने किंवा गणेश मंडळाने वर्षातून एक दिवस ठरवून सगळ्यांचं एकत्र गोळा करावं आणि पुनर्वापरदाराला बोलवावं. गावात असाल, तर बरणी कोरड्या जागी राहू द्या. कुणी शहराकडे निघालं की विचारून ती सोबत द्या. फोन देण्यापूर्वी सिम काढा, फोटो उतरवून घ्या, फोन रीसेट करा.