हाक तशी ओ

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या दिवशी झालेले भाषण)





मी कीर्तनकार नाही. तीस वर्षं गळ्यात टाळ अडकवून या दिंडीत चाललो, तेवढाच माझा अधिकार. दिंडीचा इतिहास जाणत्यांनी सांगितला. मला एकाच शब्दावर बोलायचंय. माउली.

वाटेनं पाणी मागायचं तर 'माउली, पाणी द्या'. कुणाच्या पायावर पाय पडला तर 'माउली, चुकलं'. बंदोबस्ताचा पोलीससुद्धा म्हणतो, 'माउली, कडेनं चला'. गावात आपण कुणी पाटील, कुणी मास्तर, कुणी कुणाची सून. आळंदी सुटली की सगळे माउली. गावात ज्याच्या तोंडी कुणी लागत नाही, असा गडी दिवे घाटात म्हाताऱ्या बाईची पिशवी आपल्या खांद्यावर घेतो. हे कशानं होतं? त्याचा स्वभाव एका रात्रीत बदलला का? नाही. सकाळपासून शंभर जण त्याला आई म्हणून हाक मारतात, मग त्याला आईसारखं न वागायची लाज वाटते. हाक तशी ओ. माणूस एकट्याच्या बळावर माउली होत नाही, चारचौघं त्याला माउली करतात.

आपल्या ज्ञानोबारायांचंच बघा. त्या चार भावंडांना लोकांनी 'संन्याशाची पोरं' म्हणून वाळीत टाकलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण घरात त्यांनी एकमेकांना ते नाव दिलं नाही. थोरला निवृत्ती भावाचा गुरू झाला. धाकटी मुक्ताई, रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदादाची समजूत काढताना त्याची आई झाली. १२९६ साली, ऐन तारुण्यात समाधी घेतलेल्या त्या पुरुषाला आज सातशे वर्षं आपण आई म्हणतोय. नाती नुसती रक्तानं ठरत नाहीत. आपण एकमेकांना काय मानतो, त्यावर ठरतात.

आता माझंच सांगतो. चूक माझी आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. एका वर्षी थोरली बहीण घर राखायला आली, आणि आमची सूनबाई पहिल्यांदा वारीला आली. वाटेनं मीही तिला सगळ्यांसारखं माउली म्हणायचो. पोर खुलली. हसायची, बोलायची, फुगडी खेळायची. एस.टी.तून गावात उतरलो, तिनं डोक्यावर पदर घेतला आणि स्वयंपाकघरात गेली ती गप्पच. दोन दिवसांनी भांडी आपटायचा आवाज यायला लागला. मी म्हटलं, "डोकं फिरलंय का?" ती म्हणाली, "मामा, तिकडं तुम्ही मला माउली म्हणत होता. इथं आल्यापासून 'अगं ए' म्हणता."

मी गपगार झालो. आणि मला समाज आरती आठवली. तळ पडला की सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. तिला कुणी उद्धट म्हणत नाही. चोपदार स्वतः तिथं जातात, ऐकून घेतात. मंडळी, आमच्या स्वयंपाकघरात भांडी वाजत होती तो त्या पोरीचा टाळ होता. आणि घरातला चोपदार मी, चोप टाकून ओरडत होतो!

मग ऐकून घेतलं. तक्रार काय होती? "मलाही दरसाल यावं वाटतं. पण गाईंच्या धारा कोण काढणार?"

मागल्या आषाढीला मी घरी राहिलो. सूनबाई सासूबरोबर डोक्यावर तुळस घेऊन चालली. पहाटे उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, धारा काढायच्या. गल्लीतली माणसं हसली, 'बाईमाणसाचं काम करतोय' म्हणाली. हसू दे. माझी तीस वर्षांची वारी कुणाच्या जिवावर झाली, ते मला गोठ्यात कळलं.

ती पंढरीहून आली. वारकरी घरी आला की आपण पाया पडतो. मी वाकलो. "मामा, काय करताय!" म्हणत तीही वाकली, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. वारीत हेच तर शिकलो आपण. एकानं वाकायचं आणि दुसऱ्यानं ताठ उभं राहायचं, असं आपल्यात नाही. तो नियम उंबऱ्याच्या आत तेवढा न्यायचा राहिला होता.

जाता जाता विश्वस्त मंडळींकडे एकच मागणं. दिंडीच्या वहीत चालणाऱ्यांची नावं आहेत. मागं राहून ज्यांनी गोठा, म्हातारी माणसं, लेकरं सांभाळली, त्यांचं नाव कुठंच नाही. दुसऱ्या शतकाची नवी वही उघडाल, तेव्हा तीही नावं लिहा. आणि आज घरी गेल्यावर दारातूनच हाक मारा. माउली म्हणून मारा. ओ कशी येते ते बघा.

राम कृष्ण हरी.