सिमला ऑफिस ते पेरूचा किनारा



पुण्यात शिवाजीनगरला एक चौक आहे. रिक्षावाल्याला 'सिमला ऑफिस' एवढंच म्हणा, पुढचा पत्ता तो विचारत नाही. पुण्याच्या या उन्हात सिमल्याचं काय काम, असं मला लहानपणी फार वाटायचं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं आणि जुनं नाव लोकांच्या तोंडी राहिलं. एल निनोची अर्धी गोष्ट त्या सिमल्याच्या कचेरीत घडली आहे, आणि ती घडली आपल्या दुष्काळांमुळे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१८७६ साली पुणे, सोलापूर, सातारा, नगर या भागांत पाऊस फसला. पुढच्या दोन वर्षांत दख्खन आणि दक्षिण हिंदुस्थानात लाखो माणसं अन्नावाचून गेली. १८९९ मध्ये पावसाने पुन्हा दगा दिला. पाऊस आधी कळेल का, हा प्रश्न मग सरकारलाही टाळता येईना. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती हवामान खात्याचा प्रमुख झाला. हवामानशास्त्र तो शिकलेला नव्हता. त्याने जगभरच्या ठाण्यांवरून हवेचा दाब, तापमान, पाऊस, नद्यांचे पूर यांचे आकडे मागवले आणि कचेरीतल्या हिंदी कारकुनांकरवी त्यांचे सहसंबंध काढायला घेतले. ना संगणक, ना उपग्रह. सगळी आकडेमोड हाताने. त्या कारकुनांची नावं आपल्या ओठांवर नाहीत, याची मला खंत वाटते.

वर्षानुवर्षांच्या या कामातून एक झोका दिसला. पॅसिफिकवर हवेचा दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. वॉकरने त्याला 'दक्षिणी आंदोलन' म्हटलं. पण झोका हलवतो कोण, ते त्याला सापडलं नाही. १९२४ मध्ये तो निवृत्त झाला.

उत्तर पाण्यात होतं. पेरूच्या किनाऱ्यावर एरवी समुद्राच्या पोटातून थंड, पोषक पाणी वर येतं आणि त्यावर मासळी पोसते. काही वर्षी नाताळाच्या सुमारास तिथे उबदार पाणी पसरतं आणि जाळी रिकामी येऊ लागतात. नाताळातला पाहुणा म्हणून कोळ्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं, एल निनो. एरवी पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे पॅसिफिकचं तापलेलं पाणी इंडोनेशियाकडे ढकलत असतात. तिकडे समुद्राची पातळी पेरूपेक्षा जवळपास अर्धा मीटर उंच राहते. ऊब तिकडे असल्याने ढग तिकडे चढतात. वारे मंदावले की ते पाणी पूर्वेकडे परत सरकतं, आणि पाणी सरकलं की वारे आणखी मंदावतात. पाणी आणि वारा असे एकमेकांना ओढत राहतात. हे गणित याकोब ब्यर्कनेस या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये जुळवून दाखवलं. त्याच्या हाताशी १९५७-५८ च्या एल निनोची मोजमापं होती. वॉकर १९५८ मध्येच वारला होता. पॅसिफिकवरच्या हवेच्या त्या चक्राला ब्यर्कनेसने वॉकरचंच नाव दिलं.

ढग पूर्वेकडे गेले की आपल्या बाजूला हवा खाली उतरू लागते आणि पाऊस ओढ देतो. इथवर सरळ आहे. पण 'एल निनो आला, आता दुष्काळ' ही बातमी मी वाचतो तेव्हा मला काळजी वाटते, कारण ती ऐकून शेतकरी बियाण्याचा, कर्जाचा, जनावरं विकण्याचा निर्णय घेतो. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी एक होता. त्या वर्षी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. २००२ चा त्याच्यापेक्षा कितीतरी सौम्य होता. पाऊस ८१ टक्के, आणि जुलैचा तर जवळपास निम्माच.

असं का? एक कारण आपल्याच समुद्रात आहे. आफ्रिकेकडचा हिंदी महासागर तापला आणि सुमात्राकडचा थंडावला, तर पावसाला आधार मिळतो. या 'द्विध्रुवा'ची ओळख १९९९ मध्ये पटली. साजी, गोस्वामी आणि विनयचंद्रन हे भारतीय आणि जपानचे यामागाता त्या शोधात होते. १९९७ ला हा द्विध्रुव अनुकूल होता. दुसरं कारण कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी पुण्यातूनच २००६ मध्ये मांडलं: ऊब पेरूजवळ आहे की पॅसिफिकच्या मध्यावर, हे पाहावं लागतं. मध्यावरची ऊब आपल्याला जास्त नडते.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०२३ चा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के. कागदावर हा आकडा दुष्काळाचा दिसत नाही. पण जुलैत जास्त पडला आणि ऑगस्टमध्ये ३६ टक्के तूट आली. १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. मराठवाड्यात सोयाबीनला शेंगा धरायच्या वेळी शिवारं वाळत होती. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

मृगात पेरणी केलेल्या माणसाला हंगामाची टक्केवारी सांगून भागत नाही. पावसाचा खंड कधी पडेल आणि किती दिवसांचा असेल, हे त्याला हवं असतं. पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज आता दर आठवड्याला दिला जातो. उद्या सकाळी कोणाला सिमला ऑफिसच्या चौकातून जायचं असेल, तर क्षणभर थांबून त्या इमारतीकडे बघा. जूनपासून तिथले दिवे रात्री उशिरापर्यंत जळतील.